तो डोंगर केवढा होता

या पानावर छापून येणारे अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचताना मनातल्या मनात हरकती काढत असते. दिवा वाऱ्याने विझला असेल, माळ्यावर मांजर असेल, सांगणाऱ्याला ताप असेल... माझं शिक्षण पाचगणीच्या एका इंग्रजी बोर्डिंगात झालं. ‘का’ विचारल्याशिवाय काही मान्य करायचं नाही, ही सवय तिथे लागली ती गेली नाही. शिवाय मी मुळात कमी बोलते. घरातली गोष्ट चारचौघांत सांगणं मला जमत नाही. तरी हे लिहिते आहे, कारण यातली हरकत मला सापडलेली नाही.

आमचं गाव वडूजच्या पूर्वेला, जिथे शेतं संपत जातात आणि माळ सुरू होतो तिथे आहे. घर गावाच्या बाहेर, माळाला लागून. पूर्वी आमची माणसं मेंढरं घेऊन हिंडत असत. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीत गेले, आधीच्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन सुभेदार होऊन आले, आणि मग घर एका जागी थांबलं. त्यांच्या जुन्या साहेबाच्या बाई पाचगणीला शिकवत होत्या. त्यांच्या शब्दावर मला तिथे फी न घेता ठेवून घेतलं. त्यामुळे गावात मी ‘मडम’ आणि शाळेत ‘मेंढरांच्या घरची’. दोन्हीकडे गप्प बसलेलं बरं, हे लवकर कळलं.

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. तो चौथीपर्यंत शिकला आणि मग मेंढरांमागे गेला. सुट्टीत घरी येताना मी शाळेतल्या पेन्सिलींचे तुकडे त्याच्यासाठी आणायची, आणि आमच्या ड्रॉइंगच्या बाईंनी शिकवलेलं त्याला शिकवायची. हात ताठ करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठ्याने झाडाची उंची मोजायची. जवळचं मऊ पेन्सिलीने काळं करायचं, लांबचं कडक पेन्सिलीने फिकं. कारण मध्ये हवा असते, आणि हवा जितकी जास्त तितका डोंगर फिका. बाईंचा आणखी एक नियम होता. लँडस्केपमध्ये एक माणूस काढायचाच, बोटाच्या पेराएवढा का होईना. त्याच्याशिवाय डोंगराचं स्केल कळत नाही. टेकाड आहे की पर्वत, बघणाऱ्याला कसं समजणार?

दादाने हवा शिकून घेतली, उजेड शिकून घेतला. माणूस मात्र काही त्याने काढला नाही.

“माणूस काडला की बघणारा त्येच्याकडंच बघतो,” तो म्हणाला. “माळ ऱ्हातो बाजूला.”

“मग मोठं-लहान कसं कळायचं?”

“हितं उभं ऱ्हायल्यावर तरी कुठं कळतंय?”

त्याच्या चित्रांत माळ असायचा, आभाळ असायचं, एखादी बाभळ. पण ती चित्रं रिकामी वाटत नसत. कुणीतरी आत्ताच तिथून उठून गेलंय असं वाटायचं. आमच्या बाई ज्याला मूड म्हणायच्या, तो बहुधा हाच. मला शाळेत तो कधी जमला नाही.

पुढे दादाचं लग्न झालं, वैनी घरात आली, आणि लढाई सुरू झाल्यावर दादाही आबांसारखा पलटणीत गेला. तिथे कुणा साहेबाने त्याची चित्रं बघितली आणि त्याला समोरच्या टेकड्या कागदावर उतरवायच्या कामाला लावलं. तोफा कुठे डागायच्या ते ठरवायला अशी चित्रं लागतात म्हणे. आबांना याचं फार कौतुक. येईल-जाईल त्याला सांगायचे, “बंदुकीपेक्षा पेन्सिल भारी हाय गड्या, आमच्या पोराची.”

आता आमच्या घरची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. घरात आलेलं पत्र कुणा एकाचं नसतं. ते सोप्यात बसून मोठ्याने वाचायचं. मी असले तर मी, नसले तर गावातले मास्तर. दादाचं पत्र आबांच्या नावाने यायचं. मेंढरं कशी आहेत, पाऊस पडला का, थोरांना नमस्कार. बायकोचं नाव त्यात येणं शक्यच नव्हतं. वैनी दाराआड उभी राहून ऐकायची, आणि पत्र संपलं की चुलीकडे वळायची. मग दादाची पलटण इटलीत गेली, आणि तिथून येणाऱ्या पत्रात घडी केलेला एक कागद निघू लागला. त्यावर एक अक्षर नसे, नुसतं पेन्सिलीचं चित्र. पहिलं आलं तेव्हा आबांनी ते उलटं-सुलटं करून बघितलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “हे आत द्या.” तेव्हापासून चित्र आत जायचं. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही.

सुट्टीत मी वैनीला ती चित्रं समजावून सांगायची. ही नदी, हे द्राक्षांचे मांडव असावेत, हा डोंगर फिका आहे म्हणजे चार-पाच कोस लांब. वैनी ऐकून घ्यायची आणि एवढंच विचारायची, “आनि त्ये कुठनं बघत्याती?” मग मी कागदाच्या खालच्या कडेला बोट ठेवायची. इथून. ती त्या जागेवर बोट ठेवून बसायची. बाकीच्या चित्राकडे फार बघायचीच नाही.

एका हिवाळ्यात सरकारी तार आली. दादा बेपत्ता. तारेत ‘मेला’ असं नव्हतं. आबांनी मला तो इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा वाचायला लावला, जणू वाचता वाचता तो बदलेल. मेल्याची खूण नाही म्हणून विधी नाहीत, आणि विधी नाहीत म्हणून रडणंही नाही. वैनीचं कुंकू तसंच राहिलं, पण संक्रांतीला वाण घेऊन येणाऱ्या बायका तिच्यापाशी आल्या की करंडा हातात धरून घुटमळायच्या. मग वैनीच भांडी घासायला परसात निघून जायची.

त्या उन्हाळ्यात वैनीचा थोरला भाऊ नामदेव तिला भेटायला आला. तो सांगलीला हळदीच्या पेठेत हमाली करायचा. त्याच्या धोतराच्या काठापासून नखांपर्यंत सगळं पिवळं असे. येताना त्याने आंबे आणले होते. वैनीने त्यातली एक कोय परसात, भांडी घासायच्या जागेजवळ पुरली. आमच्याकडे आंबा लावणं म्हणजे थट्टेचाच विषय. आई म्हणाली, “मानसाला प्यायला न्हाई, आन् आंब्याला आंगूळ.” वैनीने ऐकून घेतलं आणि खरकटं पाणी तिथेच ओतत राहिली. पावसाळ्यात कोंब आला. शेळीने खाऊ नये म्हणून तिने एका बाजूला काळा धोंडा उभा केला आणि दुसऱ्या बाजूला फुटक्या मडक्याचा गळा मातीत अर्धा रोवला.

लढाई संपली. गावातली पोरं परत यायला लागली. दादाची काही बातमी नाही. दिवाळीनंतर नामदेव पुन्हा आला आणि या वेळी आबांसमोर सरळ बसला. आमच्यात पाट लावायची रीत आहे. नवरा गेलेल्या बाईने दुसरं घर करण्यात काही कमीपणा नसतो. नामदेवने सांगलीकडचा एक माणूस बघितला होता. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, घर बरं होतं. नामदेवचं बोलणं कडू नव्हतं. तो एवढंच म्हणाला की बहीण अजून विशीतली आहे, तिने कशाकडे बघत बसायचं ते तुम्हीच सांगा. 

“ती म्हनंल तसं,” आबा म्हणाले. “आमी थांब म्हननार न्हाई, जा बी म्हननार न्हाई.”

नामदेव संक्रांतीनंतर येतो म्हणून गेला. तेवढ्या वेळात वैनीने ठरवायचं होतं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरीच होते. वैनी काय करेल हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. खरं म्हणजे तिला स्वतःलाही कळत नव्हतं. एकदा चुलीपाशी म्हणाली, “मेल्यालं असतं तर रडून गेले असते वन्सं. जित्तं असतं तर बसले असते.”

आणि त्याच दिवसांत ते पाकीट आलं.

पलटणीच्या टपालाचं, कुठे कुठे फिरून मळलेलं. वरचा शिक्का मी नीट बघितला, कारण मनात पहिली आशा तीच होती. पण शिक्का जुना होता. तार येण्याच्या महिनाभर आधीचा. म्हणजे कुठेतरी अडकून पडलेलं पाकीट वर्षभराने सुटलं होतं. आत पत्र नव्हतं. फक्त एक चित्र.

सगळे सोप्यात जमले आणि मी ते समजावून सांगितलं. मधोमध प्रचंड काळा डोंगर, सरळ कडा. कड्यावरून वरपासून खालपर्यंत पांढरा धबधबा. डावीकडे कमानीचा दरवाजा, एखाद्या पडक्या किल्ल्याचा असावा. समोर एकच झाड, बारीक सरळ खोडाचं, आणि शेंड्याला लांबट पानं खाली झुकलेली. ताडाच्या जातीचं परदेशी झाड, मी म्हणाले. अगदी उजव्या कोपऱ्यात गोल गुळगुळीत दगडांची ओळ, त्यातल्या एकावर कोरीव पट्टा. पडलेले खांब, जुन्या देवळाचे. ऊन तिरपं होतं, सावल्या लांब. माणूस अर्थातच नव्हता.

“केवढा हाय डोंगर?” आबांनी विचारलं.

मी झाडावरून अंदाज केला आणि म्हणाले, आपल्या महादेवाच्या डोंगराच्या दुप्पट तरी असेल. आबांनी मान हलवली. तेवढ्या मोठ्या डोंगराखाली आपला मुलगा कुठे शोधायचा, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. चित्र आत गेलं.

त्यानंतर मला चैन पडेना. चित्रात काहीतरी चुकलं होतं. ते चित्र इतकं जवळचं का वाटत होतं? इतका मोठा डोंगर बघून माणसाला लहान वाटायला हवं, एकटं वाटायला हवं. मला तसं वाटत नव्हतं. उलट कुणीतरी पदराखाली घ्यावं तसं वाटायचं. मी वैनीकडून चित्र पुन्हा मागून घेतलं, आणि मग चूक दिसली. डोंगर झाडाइतकाच काळा होता. मऊ पेन्सिलीने, दाबून काढलेला. दादाने मधली हवाच काढली नव्हती. हवा ही तर त्याने पहिल्यांदा शिकलेली गोष्ट. ती तो विसरणार नाही. म्हणजे मध्ये हवा नव्हतीच. डोंगर झाडाला खेटून होता.

मी चित्र घेऊन परसदाराच्या पायरीवर बसले होते. ऊन उतरत होतं. वैनी भांडी घासून उठली आणि उरलेलं पाणी आंब्याला घातलं. पाण्याने मागचा धोंडा ओला झाला, आणि ओल्या काळ्या दगडात एक पांढरी शीर उठून दिसली. वरपासून खालपर्यंत.

 मी उठले, आंब्यापासून थोड्या अंतरावर गेले आणि जमिनीवर पालथी पडले. गाल मातीला लावला. एक डोळा मिटला.

“आवं वन्सं, लुगडं भरंल मातीनं,” वैनी म्हणाली. तिला वाटलं मला घेरी आली.

धोंड्याचा कडा आभाळात गेला होता. पांढरी शीर धबधब्यासारखी उतरत होती. मडक्याचा गळा किल्ल्याच्या दरवाजासारखा उभा होता. आणि वीतभर उंचीचा आंबा, बारीक सरळ खोडाचा, शेंड्याची लांबट पानं झुकवून, ताडाएवढा झाला होता. मी चित्र समोर धरलं. सावल्या त्याच बाजूला पडल्या होत्या.

मी उठले आणि वैनीला तिथे झोपायला सांगितलं.  ती झोपली, बघितलं, चित्र बघितलं, पुन्हा बघितलं. मग चित्रातल्या झाडाच्या एका पानावर बोट ठेवलं. ते पान अर्धंच होतं, कडेला तुटलेलं. मी ते चित्राची घडी पडून झिजलं असेल असं समजले होते.

“ह्ये शेळीनं खाल्लंय,” ती हळू म्हणाली. “परवा. मी हाकललं तिला.”

मला त्या वेळी भीती वाटली नाही, हे खरं सांगते. डोकं हरकती शोधत होतं. चित्र काढलं तेव्हा या कोयीचं फळही धरलं नव्हतं, त्या झाडाला मोहरसुद्धा आला नसेल. तार त्याच्यानंतर आली. आंब्याबद्दल मी दादाला लिहिलंही नव्हतं, लिहायला पत्ताच नव्हता. मी पुन्हा खाली पडले, काहीतरी जुळत नाही असं सापडावं म्हणून. आणि सापडलंही. उजव्या कोपऱ्यातले ते गोल दगड, पडलेले खांब, परसात कुठेच नव्हते. तिथे नुसती माती होती. मला खूप हलकं वाटलं. बघा, सगळं काही जुळत नाही.

तेवढ्यात वैनी उठून तांब्या घ्यायला आंब्याच्या पलीकडे गेली आणि तिथे उभी राहिली.

“वैनी,” मी म्हणाले, “हलू नका.”

तिचा उजवा पाय माझ्या डोळ्यासमोर, चौकटीच्या अगदी कडेला आला होता. पाच बोटं, गोल, भांड्यांच्या पाण्याने गुळगुळीत झालेली. लहानपणी तिच्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं, तेव्हापासून अंगठ्याशेजारचं बोट वाकडं आहे आणि त्यातलं जोडवं तिरकं बसतं. चित्रातल्या दुसऱ्या दगडावरचा पट्टा तिरका होता.

दादाने जन्मात माणूस काढला नव्हता. हे चित्र मात्र त्याने माणसासकट काढलं होतं. आम्हाला स्केल कळलं नव्हतं, एवढंच.

मी तिला दाखवलं. ती कितीतरी वेळ कागदाकडे आणि मग आपल्या पायाकडे बघत राहिली. मग तिने नेहमीचाच प्रश्न विचारला.

“आनि त्ये कुठनं बघत्याती?”

मी कागदाच्या खालच्या कडेला बोट ठेवलं नाही. जिथे मी पडले होते ती जागा दाखवली. असं जमिनीला गाल लावून पडल्याशिवाय हे दिसतच नाही, आणि लढाईवर गेलेला माणूस असा कधी पडतो, हे आम्हा दोघींनाही कळलं.  वैनी तिथे बसली आणि ताप बघायला कपाळावर हात ठेवतात तसा तिने मातीवर हात ठेवला.

“ऊन हाय अजून,” ती म्हणाली.

मी आत्ताच तिथून उठले होते. माझ्याच अंगाची ऊब असणार. पण मी तिला ते सांगितलं नाही.

अंधार पडेपर्यंत ती तिथे होती. आईने आतून दोनदा हाक मारली, मग तीही बाहेर आली आणि तिच्या शेजारी बसली. त्या दिवशी वैनी रडली. तार आल्यापासून पहिल्यांदा, मोकळी होऊन. आबा सोप्यातून उठून माळाकडे निघून गेले.

संक्रांतीनंतर नामदेव आला तेव्हा वैनीने बोचकं बांधून ठेवलं होतं. जोडवी तिने स्वतः काढायला घेतली, पण वाकड्या बोटातलं निघेना. मग आई तेलाची वाटी घेऊन तिच्या पायाशी बसली. एरवी तिला टोमणे मारणारी माझी आई. बोट चोळत चोळत तिने ते अलगद सोडवलं आणि म्हणाली, “लय चांगली नांदलीस बाय. आता तकडं बी नांद.”

निघताना वैनीने चित्र माझ्या हातात दिलं. मी घेईना. ते तुमचं आहे, मी म्हणाले.

“तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. माझा पाय हाय त्यात. तेवढा हितलाच.” मग बोचकं उचलत म्हणाली, “त्ये येऊन बघून गेलं वन्सं. आता माझ्यानं जाववतंय.”

आज ती सांगलीकडे आहे, तिला मुलगी झाली आहे. नामदेव मधूनमधून हळदीच्या वासासकट निरोप घेऊन येतो. दादा आला नाही. आंब्याला आता आई पाणी घालते. तो माझ्या कमरेच्या वर गेला आहे, धोंडा एका पावसात कलंडला, आणि पालथं पडून बघितलं तरी ते चित्र तिथे दिसत नाही.

मी सगळे खुलासे करून बघितले. काळे धोंडे आमच्याकडे पावलोपावली आहेत आणि पांढऱ्या शिराही. आंब्याची सगळी रोपं सारखीच दिसतात. बायकोचा पाय नवऱ्याला आठवणीतून काढता येतो. टपालाचा शिक्का चुकीचा बसू शकतो. शोधणाऱ्या डोळ्याला हवं ते सापडतं. यातली एकेक गोष्ट मला पटते. सगळ्या एकत्र, एकाच कागदावर, एकाच उन्हात... तिथे मी थांबते. शाळेतल्या बाईंना मी हे लिहून कळवलं नाही. त्यांनी ‘का’ विचारलं असतं.

हल्ली कुठलंही चित्र हातात आलं की मी आधी डोंगराकडे बघत नाही. आधी कागदाच्या कडा बघते.

हा योगायोग आहे असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही, माझा तसा स्वभावही नाही. फक्त त्याने ते चित्र एकदा हातात घ्यावं, झाडावरून मापं काढावीत, हवं तर पेन्सिल उभी धरून एक डोळा मिटावा... आणि मला सांगावं, तो डोंगर केवढा आहे.